एक दिवस पुढे सरकलेली मंडई

आमच्या घरात माझा धंदा कुणालाच धड सांगता येत नाही. नव्याण्णव साली गोंदियाच्या बाजारात दुकान काढलं तेव्हा सोपं होतं, लोक म्हणायचे टायपिंगवाला. पुढे दुकानात काँप्युटर आले, टायपिंग गेलं आणि मी लोकांना वेबसाइटी करून देऊ लागलो. तेव्हापासून बायको पाहुण्यांना सांगते, "ते फारम बनवतात." पाहुणे विचारतात, कशाचे? ती म्हणते, "ज्याले जसे लागतात तसे. शिंप्यासारखं." पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, याहून बरं मलाही सांगता आलं नसतं. तयार फॉर्म फुकटात मिळतो, त्यात भरलेलं मागच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसतं, सगळं खरं. पण तो कुणाच्याच अंगाला बसत नाही. इथं उसवा, तिथं टाका घाला, हेच माझं काम.

त्यातलं एक काम सडक अर्जुनीचं. तिथं हायवेवर एका नाटक मंडळीचं ऑफिस होतं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे ढोलाच्या तालावर नाच आणि सोंगं; रात्री मंडप टाकून नाटक. लेकी, जावई, व्याही, सगळं गणगोत त्या दिवशी त्या गावी. हंगामात मंडळीच्या मॅनेजरचा फोन कानाला चिकटलेला असायचा. तो म्हणाला, "भाऊ, गाववाल्यांनी घरबसल्या बुकिंग करावं असं काही करून द्या. मी बोलून बोलून थकून राहिलो."

मी करून दिलं. गावाचं नाव, तिथल्या मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षाचा फोन, मंडईची तारीख, खुर्च्या किती, गाद्या किती. खाली एक बटण, पत्रकाचा फोटो जोडा. छापलेलं पत्रक पाहिल्याशिवाय मंडई खरी मानायची नाही, हा मॅनेजरचा जुना शिरस्ता. हे फोटो आधी माझ्या दुकानातल्या काँप्युटरवर यायचे. लोकांनी पत्रकासोबत पटाचे, म्हणजे शर्यतीचे बैल, गॉगल लावलेलं अख्खं मंडळ आणि एकाने तर नवा ट्रॅक्टर पाठवला, तेव्हा काँप्युटर भरला आणि मी क्लाउडवर जागा भाड्याने घेतली.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. तारखेचा खाना कुणालाच भरता येईना. कारण आमच्याकडे मंडईला तारीख नसते, शेजार असतो. दोन शेजारच्या गावांची मंडई एका दिवशी आली तर पाहुण्यांनी कुठं जायचं? म्हणून प्रत्येक गाव वरच्या गावाकडे बघून आपला दिवस धरतं. एकाला फोनवर विचारलं, "तुमची मंडई कधी?" तो म्हणाला, "वरच्या गावाच्या दुसऱ्या दिवशी." "त्यांची कधी?" "ते त्यायले विचारा."

झालं, माझ्यातला शिंपी जागा झाला. मी तारखेशेजारी एक खाना वाढवला, 'कोणत्या गावाच्या दुसऱ्या दिवशी?' गावांची यादी उघडायची, त्यातलं एक निवडायचं, तारीख आपोआप निघायची. एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायला उरली नसती. मी पुढचा टाकाही घातला. वरच्या गावाने दिवस बदलला तर खालच्या गावांच्या तारखाही आपोआप सरकतील आणि मॅनेजरच्या पडद्यावर तसं दिसेल. हे सुचलं त्या दिवशी मी बायकोला दुकानात बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं आहे. आता जेवायले चला."

माझी मोठी बहीण चोरखमाऱ्याच्या तलावातून निघालेल्या कालव्याकाठच्या एका गावी दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे माझे भाटवे, तिथल्या मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी ताईसाठी मंडई नेहमीची नव्हती. तिच्या मुलाचं उन्हाळ्यात लग्न झालं होतं, सून नागपूरची. लग्नात विहीणबाई मांडवात बसून म्हणाल्या होत्या, "पोरीला खेड्यात दिली खरी. इथं संध्याकाळचं करमतं कसं हो तुम्हा लोकांना?" ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "मंडईले या. नाटक पाहा. मंग बोला." ते वाक्य ताई पाच-सहा महिने उराशी धरून होती. मला फोन केला की शेवटी विचारायची, "नाटक पक्कं ना रे? पाह्य, विहीण येऊन राहिली." मी सांगायचो, "ताई, क्लाउडवर आहे. हलणार नाही."

मंडईच्या दिवशी दुपारीच आम्ही पोचलो. मंडप उभा होता, चिवड्या-जिलेबीची दुकानं लागली होती, दंडारवाल्यांचे ढोल सुरू होते. विहीणबाई चारपासून जरीची साडी नेसून अंगणात खुर्चीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, "तुम्हीच ना ते फॉर्मवाले? कधी येतात तुमचे नट?"

"येतीलच," मी म्हणालो. "पडदे बांधायला दुपारपर्यंत यावंच लागतं."

तेव्हा दुपार केव्हाच टळली होती. मी उठून रस्त्यापर्यंत गेलो. ट्रक नाही. परत येऊन बसलो. चहा आला, तो अर्धा टाकून पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला पानठेल्यावाला म्हणाला, "जवाईबुवा, बसा ना. ट्रक काय लाजून राहिला, तुम्ही पाहून राहिले म्हणून?" मी त्या गावचा जावई नाही, साळा आहे, हेसुद्धा मी सांगितलं नाही. मन थाऱ्यावर नव्हतं.

भाटवे मंडपातून आले. चेहरा उतरलेला. "साळेबुवा, मॅनेजरचा फोन लागला. तो वरच्या गावी आहे. तिथं मंडप लागून राहिला त्याचा. म्हणते, तुमचं उद्या आहे."

"उद्या कसं?"

"मी बी तेच विचारलं. म्हणते, तुमच्याच साळ्याच्या वेबसाइटवर दिसून राहिलं, मले कायले विचारता?"

गावात बोलण्यापुरतीच रेंज होती, इंटरनेट कालव्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मिळायचं. आम्ही दोघं पाळीवर चढलो. मी फोन उंच धरून इकडून तिकडे हिंडतोय आणि भाटवे मागून, "आलं काय? आलं काय?" शेवटी पान उघडलं. वरच्या गावचे म्हातारे माजी सरपंच आठवड्यापूर्वी वारले होते. गावाने मंडई एक दिवस पुढे ढकलली आणि इमानदारीने फॉर्ममध्ये बदल केला. माझ्या टाक्याने आपलं काम चोख केलं. खालच्या गावाची, म्हणजे ताईच्या गावाची तारीखही एक दिवस पुढे सरकली. तसा मेसेजही भाटव्यांना गेला होता. पण भाटवे मेसेज वाचत नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याला काम असेल तो फोन करेल.

"अजी, पण त्यायचं सरकलं म्हणून आमचं कसं सरकन?" भाटवे म्हणाले. "आमचे पाहुणे सांगून झाले होते. पाहुणे सांगितले का मंडई हालत नाही. हे शेंबड्या पोराले बी समजते."

शेंबड्या पोराला समजतं ते डेटाबेसला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली बोट सरकवलं. भाटव्यांनी जोडलेला पत्रकाचा फोटो तिथं होता, स्वच्छ, ठळक अक्षरात आजची तारीख. वर खान्यात उद्या, खाली फोटोत आज. एकाच गावच्या दोन गोष्टी मी दोन ठिकाणी नीट सांभाळून ठेवल्या होत्या आणि दोघींची कधी गाठच पडली नव्हती.

"हे पाहा, पत्रकात तर बरोबर आहे," भाटवे म्हणाले. "वाचलं नाही कोणी?"

"भाटवे, तो फोटो आहे. मशीनला फोटो वाचता येत नाही. जपून ठेवते फक्त."

"मंग मागतला कायले?"

मी फोन खिशात घातला.

मंडळाने पाळीखालीच निकाल लावला. आज दंडार जोरात करायची, नाटक उद्या. पाहुण्यांना थांबवायचं. हे सगळं सोपं, पण ताईला सांगायचं कुणी? भाटव्यांना एकाएकी मंडपातला बांबू नीट करायची आठवण झाली.

ताई चुलीपुढे वडे तळत होती. मी सांगितलं. तिने झारा कढईच्या काठावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उचलला. "ती उद्या सकाळी जाऊन राहिली," ती म्हणाली. "नातवाची परीक्षा आहे म्हणे." मग एक वडा उलटून, "तूच सांग तिले. माझ्या तोंडातून नाही निघत."

मी अंगणात गेलो. आधी वरचं गाव, मग माजी सरपंच, मग खाना, मग तारीख, असं सगळं समजावून सांगितलं. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आज नाही," त्या म्हणाल्या. आत जाऊन जरीची साडी बदलून आल्या. त्या संध्याकाळी दंडार फार छान झाली असं सगळे म्हणतात. माझं लक्ष नव्हतं. विहीणबाई पदर घट्ट ओढून बसल्या होत्या आणि ताई दर थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघत होती, दुधाकडे बघतात तशी.

सकाळी विहीणबाईंची बॅग दारात. ताईने थांबायचा आग्रह केला नाही, हे मला खटकलं. आमच्याकडे पाहुण्याची चप्पल लपवतात, इतका आग्रह चालतो. ताई नुसती म्हणाली, "माझा भाऊ सोडून देते तुमाले टेसनावर. त्याची गाडी आहे." माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. मी किल्ली घेतली तशी ताई दाराशी आली. "सडकेनं नको जाऊ. कालव्याच्या पाळीनं ने. जवळ पडते."

कालव्याची पाळ जवळ पडत नाही. तिथं एका वेळी एकच गाडी मावते, एका बाजूला पाणी, दुसरीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. पण आदल्या दिवसानंतर ताईशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

गाव सुटलं. विहीणबाई पुढच्या सीटवर, बॅग मांडीवर. धान कापणीला आलं होतं, त्या त्याकडे बघत होत्या. विषय काढावा म्हणून मी म्हणालो, "हे सगळं चोरखमाऱ्याच्या पाण्यावर." त्या म्हणाल्या, "असेल." पुढे काय बोलावं या विचारात मी होतो, तेवढ्यात समोरून ट्रक आला. टपावर गुंडाळलेले पडदे, लाकडी सिंहासन दोरांनी बांधलेलं, आणि मागे माणसं अर्धवट झोपेत. रात्रीचं नाटक संपवून मंडळी थेट निघाली होती, ताईच्या गावच्या शाळेत झोपायला.

ट्रक थांबला. मीही थांबलो. ड्रायव्हर हात हलवून म्हणाला, "भाऊ, आमचं मागं नाही होत. सामान आहे. तुम्हीच घ्या मागं."

"हेच का ते?" विहीणबाईंनी विचारलं.

"हेच."

मी व्हॅन मागे घेऊ लागलो. मान वळवून, एका हाताने सीट धरून, इंचाइंचाने. ट्रक समोरून तसाच हळूहळू पुढे येत होता. मागं बघत गाडी चालवताना मला एकदम फॉर्ममध्ये हवा असलेला खाना सुचला, 'पाहुणे सांगून झाले का?' हो म्हटलं की तारीख कुणाच्या बापाला हलवता येणार नाही. मी आनंदाने विहीणबाईंना सांगायला वळलो, तर त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी एक बाई बसली होती, डोळ्यांत रात्रीचं काजळ तसंच, केस सोडलेले, पाव खात होती. तिने विहीणबाईंना पाहून पाव धरलेला हात जरासा उचलला. विहीणबाईंनीही उचलला.

"ही कोण आहे नाटकात?"

"राणी असावी," मी म्हणालो. मला काय माहीत.

"मरते का शेवटी?"

"ते... बहुतेक."

त्या काचेपाशी आणखी पुढे सरकल्या. एवढ्यात मला ताईचं 'पाळीनं ने' आठवलं. ट्रक पाळीवरून निघाल्याचा मॅनेजरचा फोन पहाटे भाटव्यांना आला असणार, आणि तो ताईच्या कानावर गेला असणार. भाटवे मेसेज वाचत नाहीत, पण फोन ते घेतात.

अशी आमची व्हॅन पाठीकडून गावात शिरली. समोर ट्रक, त्याच्यामागे धावणारी पोरं. ताईच्या दारापुढे मी ब्रेक दाबला. ताई अंगणात उडदाची डाळ निवडत बसली होती, आजच्या वड्यांची. आम्हाला पाहून तिला जराही नवल वाटलं नाही.

"काऊन, परत आले?" तिने विचारलं.

"रस्ता नव्हता," मी म्हणालो.

विहीणबाई उतरल्या. बॅग त्यांनी माझ्याकडे दिली नाही, सुनेच्याही हाती दिली नाही. स्वतःच उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवली आणि ताईसमोर पाटावर बसल्या.

"नातवाची परीक्षा काय, त्याची आजी देणार आहे का," त्या म्हणाल्या. "इकडं द्या ती डाळ. आणि संध्याकाळी गादीवर पुढची जागा धरा हो. मागून मला दिसत नाही."

ताईने सूप त्यांच्याकडे सरकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कायले उभा? जा, जागा धर."