मोटारीतला उंदीर आणि पहिली आखाजी

लग्नानंतर माझा पहिला संसार चार चाकांवर मांडला गेला. हे शेतकी खात्यात होते. सुधारलेल्या कापसाचं बियाणं, म्हणजे सरकी, गावोगाव पोचवायची आणि ती कशी पेरायची ते शेतकऱ्यांना सांगायचं, हे यांचं काम. त्यासाठी सरकारने एक जुनी लॉरी दिली होती. तिच्यावर सुताराने लाकडी खोली बसवली होती. मागच्या अर्ध्यात सरकीची पोती, पुढच्या अर्ध्यात आम्ही. बुऱ्हाणपुरात बिऱ्हाड मिळेपर्यंत इथेच राहू, असं हे म्हणाले होते. नव्याचे नऊ दिवस मलाही मजा वाटली. जिथे थांबू तिथल्या बायका आत डोकावायच्या आणि आपसांत म्हणायच्या, "ही बाई इच्यात कशी राह्यती वं?" दहाव्या दिवशी मीही स्वतःला तेच विचारू लागले.

उंदरांना मात्र घर एकदम पसंत पडलं. एका सकाळी पोत्याचा कोपरा कुरतडलेला निघाला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, खात्याचे साहेब पोती बघायला येणार होते. बियाणं नासलं असतं तर यांच्या नोकरीवर गदा आली असती. हे तसे शांत माणूस, पण त्या दिवशी पोतं लाथाडून म्हणाले, "मोटारीत उंदीर आहे तोवर तू इथून हलायचं नाहीस. कसली आखाजी नि कसलं माहेर!" आणि सायकल काढून निघून गेले.

आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते. झाडाला झोका बांधतात, पोरी गाणी म्हणतात, आणि लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तर माहेरचं माणूस न्यायला येतंच. माझं माहेर इच्छापूर, आमची मोटार शाहपूरजवळ, जाऊन येऊन एका दिवसाची वाट. मला त्या उंदराशिवाय दुसरं काही दिसेना.

मी मातीच्या घरात वाढलेली. बीळ दिसलं की शेणमाती कालवायची, तीत काचेचा चुरा घालायचा आणि लिंपून टाकायचं, एवढं मला ठाऊक. मी दोन दिवस खपून मोटारीची एकेक फट लिंपली. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं. हात फिरतच होता म्हणून मी तळाच्या फळ्याही सारवल्या आणि वर रांगोळीची दोन बोटं ओढली. तिसऱ्या दिवशी मोटार पुढच्या गावाला निघाली. पहिल्याच खड्ड्याला एक पोपडा सुटला, दुसऱ्याला भिंतच्या भिंत. गावात पोचेपर्यंत माती माझ्या केसांत, काचा अंथरुणात आणि शेण पिठाच्या डब्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यांनी दार उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "मोटारीला कोणी सारवतं का?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग मी हट्टाला पेटले. लोहाराकडून रॉकेलच्या डब्यांचे पत्रे कापून आणले आणि स्वतःच्या हातांनी ठोकले. फळीला फळी भिडते तिथे पत्रा, चाकावरच्या भोकाला पत्रा, वाऱ्यासाठी ठेवलेल्या झरोक्यालाही पत्रा. दार लावून घेतलं. बाहेर वैशाखाचं ऊन, आत वरचा पत्रा तापलेला, चोळी पाठीला चिकटलेली. पण आता मुंगीला वाट नव्हती. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मी ट्रंकेत दोन लुगडी भरून ठेवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ दमणी घेऊन आला. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून मी ट्रंक उचलली, आणि तेवढ्यात पोत्यांमागे खुडबुड झाली. मी तिथेच खाली बसले. उंदीर आत होता. सगळ्या वाटा मी बुजवल्या होत्या, त्याला आत ठेवून.

भावाने दारातून हाक मारली. मी सांगितलं, उंदीर आहे, मला येता येत नाही. त्याला काही समजेना.

"उंदरासाठी माहेर सोडती का पोरी? काय करून राह्यली तू?"

"ते सांगून गेलेत."

"मंग येतील तवा मी बोलतो. आई कालपासून वाट पाहून राह्यली."

मी पोतं हलवलं, काठी आपटली, दार सताड उघडं ठेवलं. उंदीर हलला नाही. हेही आले नाहीत. दुपार कलली तसा भाऊ उठला. आईने दिलेल्या सांजोऱ्यांचं फडकं त्याने माझ्या हातात ठेवलं आणि बैल जुंपले. दमणी वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते. मग इतका राग आला की ते फडकं मी भिंतीवर मारलं, आणि लगेच उचलून सांजोऱ्या पुसल्या.

हे दिवेलागणीच्या आधी आले. सायकलच्या मागे उंदराचा पिंजरा बांधलेला होता. मला फळीवर बसलेली बघून तिथेच थबकले.

"तू गेली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, हलायचं नाही."

"अगं, ते रागात म्हणालो. तू गेली असशील म्हणून तर मी स्वतः पिंजरा घेऊन आलो." मग म्हणाले, "मला वाटलं, तू कुठे ऐकणार आहेस."

खरं तर ते मला दिलासा देत होते. पण लहानपणापासून ऐकायलाच शिकवलेली मी. मी सांडशी घेतली आणि झरोक्याचा पत्रा उपटला. एक खिळा वाकला, तो तसाच राहू दिला. वारा आत आला. थोड्या वेळाने पोत्यांमागून एक काळसर शेपटी निघाली, फळीवरून झरोक्याकडे गेली आणि बाहेर पडली. त्याने कोणाला विचारलं नाही.

साहेब आले, पोती बघितली, ठीक आहे म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी आखाजीला भाऊ दमणी घेऊन आला तेव्हा हे हिशेबाच्या कागदांत डोकं घालून बसले होते. मी ट्रंक उचलली आणि दारातून म्हटलं, "येते." जाऊ का, असं मी त्यानंतर कधीच विचारलं नाही.