नाल्याअलीकडची घंटा

जगातल्या सगळ्या कामांत घंटा वाजवण्याचं काम सर्वांत मोठं, असं माझ्या थोरल्या मामांचं मत होतं. मतांच्या बाबतीत ते श्रीमंत नसल्यामुळे हे एकच त्यांनी जन्मभर जपून वापरलं. शिकायला म्हणून मला त्यांच्याकडे ठेवलं होतं. गावाची शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरे आणि तिची घंटा म्हणजे शेजारच्या कडुनिंबाला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा. मामांनी तो कारंज्याहून बैलबंडीत घालून आणला होता. तो वाजवायला जाताना ते डोक्याला फेटा बांधत. घरच्या लग्नातसुद्धा इतक्या निगुतीनं बांधलेला मी पाहिला नाही. वेळ ते देवळाच्या सावलीवरून ठरवत, आणि ढगाळ दिवशी स्वतःच्या भुकेवरून. त्यामुळे पावसाळ्यात आमची शाळा बरीच लवकर सुटे. एकदा तपासणीला आलेल्या डिपटी साहेबांनी खिशातलं घड्याळ काढून, घंटा लवकर झाली म्हणून हरकत घेतली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "घड्याळ तुमचं हाय साहेब, शाळा आमची हाय."

त्याच साहेबांनी पुढे दोन्ही गावांची शाळा एक करायची सूचना मांडली. नाल्यापलीकडच्या गावाकडे पक्की इमारत होती, पण तिथे मास्तर टिकत नसे. आमच्याकडे मास्तर होते आणि इमारतीच्या जागी मारुती होता. शाळा एक झाली तर चौथीचा वर्ग मिळणार होता. मामांनी आठवडाभर पारावर विरोधाची भाषणं केली. गावाचा मान हा शब्द त्यांत इतक्यांदा आला, की शेवटी ऐकणारे तो त्यांच्या आधीच म्हणू लागले. पण त्यांची नात शेवंती तिसरी पास होऊन, पुढचा वर्ग नाही म्हणून, पुन्हा तिसरीतच बसली होती. एका संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "आबा, मले सारं पाठ झालं. आता मी काय करू?" मामांनी त्यावर भाषण केलं नाही.

कुणालाच दुसऱ्याच्या गावात जावं लागू नये म्हणून दोन्ही गावांची बैठक नाल्याच्या कोरड्या पात्रात बसली. मामा उठून म्हणाले, "मास्तर घ्या, फळा घ्या, लेकरं घ्या. घंटा नाही भेटत."

"लेकरांबिगर घंटा काय करता भाऊ?" पलीकडच्या पाटलांनी विचारलं.

"ते मी पाह्यतो."

दुसऱ्या दिवसापासून मामांची घंटा झाली की आम्ही घरून निघू लागलो. पलीकडची शाळा सुटायची ती मास्तरांच्या घड्याळावर. मामा मात्र कडुनिंबाखाली नाल्याकडे बघत बसत आणि शेवटचं पोर या काठावर चढलं की घंटा वाजवत. ती ऐकून गावातल्या बायका भाकरी थापायला घेत. गावातला शिंपी एकदा म्हणाला, "शाळा तं कवाचीच सुटली आबा, आता कायले वाजवून राह्यले?"

"मास्तराची सुटली," मामा म्हणाले. "लेकरं अल्याड आल्याबिगर माही सुटत नाही."

भादव्यात एकदा आम्ही शाळेत असतानाच नाला भरून आला. आम्हाला पलीकडच्या घरांनी वाटून घेतलं, जेवू घातलं, निजवलं. आमच्या गावात त्या संध्याकाळी घंटा झाली नाही आणि भाकऱ्यांनाही उशीर झाला, असं नंतर कळलं. मामी जेवायला बोलवायला गेल्या, तर मामा फेटा न सोडता बसलेले. "शाळा चालू हाय अजून," एवढंच बोलले.

सकाळी पाणी ओसरलं. शेवंती पुढे, डोक्यावर पाटी धरून, मागे आम्ही सगळे असे नाला उतरून आलो. मामांनी एकेकाकडे नीट पाहिलं आणि मग कालची शाळा सोडली. त्या दिवशी पुन्हा शाळेत जायची घंटा काही झाली नाही. मास्तर पलीकडे वाट पाहत बसले असतील.

मामा जाऊन पुष्कळ काळ लोटला. संध्याकाळी कचेरीतून घरी येतो, दार उघडतं, चहा मिळतो. सुटल्यासारखं मात्र वाटत नाही.