अण्णाचा लॅपटॉप बंद होताना

येळवशीसाठी, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या अमावास्येसाठी म्हणून, आळंदला घरी गेलो आणि राहूनच गेलो. नोकरी बंगळुरूच्या कंपनीत, पण काम कुठूनही करता येतं. त्या दुपारी शेतातून आंबिल पिऊन, हिरव्या भाज्यांची भज्जी खाऊन आम्ही परतलो. कपड्यांना अजून ज्वारीच्या पात्यांचा वास होता. सगळं घर पेंगुळलं होतं आणि मधल्या खोलीतून बारीक घरघर येत होती, लांब कुठंतरी कुणी जातं ओढत असल्यासारखी.

ती अण्णाची खोली. अण्णा माझा थोरला भाऊ, गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा, रोज सकाळच्या बसनं जायचा. हृदयाचं दुखणं निघालं आणि महिन्याच्या आत गेला. त्याला दोन वर्षं होत आली होती. टेबलावर त्याचा जुना लॅपटॉप अर्धवट मिटलेला होता आणि फटीतून निळा उजेड सांडत होता.

मी वहिनींना म्हटलं, लॅपटॉप चालूच राहिलाय.

"चालू न्हाई, बंद केलंय मी," त्या म्हणाल्या. "त्ये असंच करायलंय. पडदा काळा व्हतोय, पर आतलं फिरायचं थांबत न्हाई. लाईट गेली की आपोआप निजतंय."

बॅटरी केव्हाच मेली होती, त्यामुळं वीज गेली की खटकन सगळं थांबायचं. आळंदमध्ये वीज जातेच, म्हणून वहिनींनी ते तसंच चालवून घेतलं होतं. त्या मराठी शाळेत शिक्षिका आहेत, प्रश्नपत्रिका त्यावरच करतात. हे कधीपासून, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, हे गेल्यापासून. त्यांच्या हातानं नीट बंद व्हायचं, माझ्या हातानं होत नाही. त्यात तक्रार नव्हती. एखाद्या गाईला मालकाचाच हात लागतो, तसं काहीतरी त्यांनी मानून घेतलं होतं.

मला मात्र राहवलं नाही, कारण माझं पोटच त्यावर आहे. कॉम्प्युटर चालवणारी मुख्य प्रणाली आणि आतला एकेक भाग यांच्यामध्ये एक दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी ड्रायव्हर लिहितो. मशीन बंद करताना प्रणाली एकेका भागाला सांगते, हातातलं काम खाली ठेव. तो 'ठेवलं' म्हणाला की पुढच्याकडं जाते, आणि सगळ्यांचं झालं की शेवटी वीज तोडते. एखादा भाग बनवतानाच सदोष असला आणि उत्तरच देईना, तर प्रणाली त्याच्यापाशी थांबून राहते. भाग बदलता येत नाही, तो लाखो मशीनमध्ये बसून गेलेला असतो. ड्रायव्हरनंच त्याची खोड सांभाळून घ्यायची असते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर ती नेमकी मरताना दिसते.

अण्णाच्या लॅपटॉपमध्ये कोण अडतंय तेच कळेना. नोंदी ठेवणारा भाग आधीच निजवलेला असतो, त्यामुळं अडलं त्या क्षणाचं काहीच मागं राहत नाही. कंपनीचं काम संपलं की दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसायचो. उन्हाचा पट्टा फरशीवरून टेबलाच्या पायाकडं सरकायचा. शेजारच्या घरात कुणी कन्नडमधून पाढे म्हणायचं. कुठल्यातरी डाळमिलचा तुरीचा पिवळा कोंडा वाऱ्यावर येऊन खिडकीच्या गजांवर बसायचा. मी बंद करायचो, पडदा काळा व्हायचा, घरघर राहायची. ती ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा आणि त्या गुंगीत वाटायचं की अण्णा पलीकडं बसून पेपर तपासतोय, आता पान उलटेल. जाग आली की खोलीत कुणी नसायचं, आणि तरी कुणीतरी आताच उठून गेल्यासारखं वाटायचं.

मनात एक गोष्ट सलत होती. ही प्रणाली मीच त्याच्या लॅपटॉपमध्ये बसवून दिली होती. मग बंद होत नाही हे अण्णानं मला कधीच का सांगितलं नाही?

एका दुपारी वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना विचारलं, अण्णा बंद करताना नेमकं काय काय करायचा, आठवतंय का? त्या म्हणाल्या, काय करणार, सगळे करतात तेच. मग कपबशी ठेवता ठेवता थांबल्या. उजव्या हातानं त्यांनी हवेत झाकण धरल्यासारखं केलं, आणि डावा अंगठा बाजूला नेऊन हळूच दाबला. तसा हात त्यांनी किती वेळ धरून ठेवला कोण जाणे. त्या स्वतःच त्याच्याकडं बघत राहिल्या.

"अंगठ्यानं इथं दाबायचे," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, धूळ पुसायलेत."

लॅपटॉपच्या डाव्या बाजूला कॅमेऱ्याचं कार्ड घालायची खाच होती, दुसरं काहीच नव्हतं. मी कार्ड शोधलं. ते टेबलावरच्या वाटीत, टाचण्यांमध्ये पडलं होतं. अंगठ्यानं आत दाबलं आणि बंद करायला सांगितलं. पडदा काळा झाला, घरघर खाली खाली गेली आणि थांबली. कार्ड काढून पुन्हा केलं तर पुन्हा अडलं.

मग उलगडलं. कार्ड वाचणारा तो भाग वापर नसला की वीज वाचवायला निजायचा, आणि निजलेल्याला 'काम ठेव' म्हटलं की ऐकायचाच नाही. कार्ड घातलं की तो जागा व्हायचा, म्हणून मुकाट्यानं उत्तर द्यायचा. अण्णाला हे कधीतरी योगायोगानं सापडलं असणार. उपाय सापडल्यावर त्याच्या लेखी ती तक्रारच उरली नसेल, म्हणून तो बोलला नाही. एवढं कळल्यावर मला बरं वाटलं, आणि लगेच त्याची फार आठवण आली.

मी ड्रायव्हरमध्ये थोडं लिहिलं: मशीन या मॉडेलचं असेल तर त्या भागाला आधी जागं कर, भानावर येऊ दे, आणि मगच थांबायला सांग. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर वहिनींनाच बंद करायला लावलं. कार्ड वाटीतच होतं. निळा उजेड गेला आणि घरघर थांबली. लांबच्या रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर ऐकू आला.

वहिनी खुर्चीवरून उठल्या नाहीत. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल.

"लई शांत झालं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की हवं तर ही दुरुस्ती काढून टाकतो, पहिल्यासारखं होईल. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"नगं. दोन वर्षं त्येला ताटकळत ठिवलं म्हणायचं. निजू द्या."

पुढं काही दिवस मात्र त्या बंद करण्याआधी कार्ड आत दाबायच्या. गरज नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी नुसता पाहायचो.

बंगळुरूला परतण्याआधी मी ती दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवली. ही प्रणाली जगभरची माणसं मिळून लिहितात. तपासणाऱ्यानं विचारलं, दोष याच भागात आहे हे कशावरून? मी लिहिलं: कार्ड घातल्यावर मशीन नीट बंद होतं, असं वापरणाऱ्याच्या लक्षात आलं होतं. 'वापरणारा' हा शब्द लिहिताना बोटं थबकली. पण तिथं दुसरा शब्द बसणार नव्हता. थोडी घासाघीस होऊन दुरुस्ती स्वीकारली गेली.

उन्हाळ्यात एका अनोळखी बाईंचा निरोप आला. कॅनडातल्या कुठल्याशा गावात त्यांच्याकडं तोच जुना लॅपटॉप होता. आता बंद होतो, आभार, एवढंच लिहिलं होतं. मी वहिनींना फोन करून सांगितलं. कॅनडा कुठं, तिथं थंडी किती, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं.

"तिथं आता काय वेळ असंल?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पहाट होत असेल.

"मग बाई निजली असंल अजून," त्या म्हणाल्या, आणि शाळा उघडली की चौथीच्या पोरांना बिदरचा किल्ला दाखवायला न्यायचंय, बस कुणाची बरी, ते विचारू लागल्या.