एसीच्या पाण्यावरचे रेडवूड

झाडाला पाणी घालायच्या आधी काका त्यातलं थेंबभर जिभेवर ठेवायचे. मान हलली की मगच झारी उचलायचे. तुम्हीही हसला असतात. मी हसलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, बी.एस्सी. बॉटनी. कुवेतच्या या नर्सरीत मी नोंदी ठेवायचो, ते माळी; नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. राजापूरकडे त्यांच्या विहिरीत खाडीचं पाणी शिरलं आणि आंब्याची सगळी कलमं एका उन्हाळ्यात जळाली. घरी खाणारी पाच तोंडं. म्हणून पन्नाशीला जलीब या कामगारवस्तीतल्या खोलीत सात जणांत येऊन पडले.

मालकाने परदेशातून रेडवूडची तीस रोपं आणून थंड काचघरात ठेवली. सुपरवायझर काकांना म्हणाला, "पौधे मरे, तो इकामा रिन्यू नहीं होगा." म्हणजे राहण्याचा परवाना संपला की घरी. काकांचं जेवण अर्ध्यावर आलं.

मी तोऱ्यात सांगितलं, "काका, हे झाड हजार वर्षं जगतं. हवेतला कार्बन खोडात साठवतं. पानांवर धुकं धरून खाली ठिबकवतं, त्यावर आजूबाजूची झाडं वाढतात."

"हजार वर्षं नको ओ, ग्रॅज्युएट. माझा इकामा ऑगस्टात संपतो. तेवढं जगू दे."

जूनमध्ये पानांची टोकं करपली. मी बुरशी समजून औषध फवारलं. सहा रोपं गेली. पाणी मी बसवलेल्या नळीतून आपोआप ठिबकायचं, काकांच्या जिभेला तिथे कामच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी नळी उपसून थेंब चाखला आणि लगेच थुंकून टाकला.

"खारं हाय. माझ्या मागनं इथवर आलं ओ."

मी मीटर लावला. टँकरचं पाणी खरंच खारं होतं.

"एसीचं पाणी गोडं असतं," काका म्हणाले. जलीबच्या खोल्यांच्या एसींखाली डबे लागले. भरलेले डबे घेऊन काका कंपनीच्या बसमध्ये चढले की ड्रायव्हर चिडवायचा, "काका, नहाने का पानी भी साथ लाते हो?"

"चूप. दवा है."

रोज सकाळी काचघराच्या दारात ते डोळे मिटून उभे राहत. "तुम्ही मोजा. मला बघवत नाय." मी मोजायचो; आधीच मीठ लागलेली रोपं अजून जात होती. एकवीस. अठरा. चौदा.

आकडा अकरावर थांबला. ऑगस्टात अकराही रोपांना पोपटी फूट आली.

अकरा जगली हे मालकाला पुरलं, काकांचा इकामा दोन वर्षांसाठी वाढला. ती पुरी करून ते गावी गेले. अकराही रेडवूड जिवंत आहेत. एक माझ्या डोक्याच्याही वर गेलं आहे.