उमाटे सर मेथी तोडायला आले तेव्हा

उमाटे सर गेले, हे सपनाला सेलूच्या शाळेत मुलींची हॉकी घेत असतानाच कळलं. तिनं रजा टाकली आणि मिळेल त्या एस.टी.नं वर्धा गाठलं.

वासुदेवराव उमाटे यांनी वर्ध्याच्या कॉलेजात छत्तीस वर्षं हॉकी शिकवली. त्यांची टीम फार वेळा जिंकली असं नाही. पण सरांच्या हाताखालून गेलेली पोरगी मान खाली घालून उभी राहिलेली कोणी पाहिली नाही.

सपना नालवाडीच्या तानबाची मुलगी. घरी भाजीपाल्याची शेती. कॉलेजात असतानाही पहाटे मेथी तोडायची, जुड्या बांधायच्या, उजाडताच बाजारात पोचवायच्या. सकाळची प्रॅक्टिस हमखास बुडायची. शेवटी तानबानं कॉलेजात येऊन सांगूनच टाकलं, "मायी पोरगी आता येनार नाई, सर."

सर नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खी टीम घेऊन तानबाच्या वावरात हजर!

"सर, हे काऊन करून राह्यले तुमी?" तानबा पार गडबडला.

"मले गोलकीपर पाह्यजे, तानबाजी. जुडी कशी बांधाची, तेवढं दाखवा."

सरांच्या जुड्या इतक्या ढिल्या, की उचलताच सुटायच्या. सपनाची आई सुमित्राबाई त्या गुपचूप पुन्हा बांधायची. सहाच्या आत माल गाडीवर आणि सपना ग्राउंडवर. सबंध हिवाळा हे असंच चाललं.

त्या वर्षी फायनल नागपूरच्या कॉलेजशी झाली. सपनानं नऊ गोल अडवले, दहावा सुटला आणि सामना गेला. पॅड न काढताच ती रडत बसली. सर तडक तानबाकडे गेले; त्यांनीच हट्टानं त्याला सामना पाहायला आणलं होतं.

"तानबाजी, पोरगी विद्यापीठाच्या टीममंदी गेली तुमची."

"पन आपुन तं हारलो ना?"

"हारलो. तरी निवडनाऱ्यानं पैलं नाव तिचंच लिवलं."

ती विद्यापीठाकडून दोन वर्षं खेळली, पुढे सेलूला क्रीडाशिक्षिका झाली.

शोकसभा कॉलेजच्या ग्राउंडवरच भरली. कुठकुठल्या वर्षांच्या मुली आल्या होत्या. एक तर पोलिसाच्या वर्दीतच. प्राचार्यांचं भाषण संपलं आणि कोणी न बोलावता तानबा उठला. त्यानं जन्मात माइक धरला नव्हता.

"पोरगीले घरी बसवाले निंगालतो मी," तो म्हणाला. "सर मले एक शब्द वाकडा बोलले नाई. आज सेलूच्या चाळीस पोरी माह्या सपनाले म्याडम म्हनते." एवढं बोलून त्यानं माइक परत दिला.

शोकसभेत कोणी टाळ्या वाजवत नाही. पण पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, कुसुमबाई, ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळं ग्राउंड उठलं. सपनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि हात दुखेस्तोवर ती टाळ्या वाजवत होती.