कोरडा वाफा आणि आमच्या आई

समित्यांचं एक बरं असतं. मसुदा पुढे सरको न सरको, किस्से साचत जातात! भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या सरकारी ऑफिसात शेतीच्या नव्या यंत्रांची मानकं ठरतात: कुठला सेन्सर चालेल, ड्रोन कसा उडेल. बाळंतपणाची रजा संपवून आले आणि मातीचा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची चाचणीपद्धत माझ्या गळ्यात पडली. पहिलाच मसुदा. समितीने नाकारला, की मी परत आवक-जावकच्या टेबलावर!

*

मसुद्यात लिहिलं, 'प्रत्येक ठिकाणी तीन रीडिंग घ्यावीत.'

"तीनच का? आधार काय?" आमचे साहेब कुलकर्णी सरांनी विचारलं.

आधार हा, की माझ्या लेकीचा, ओवीचा ताप मी तीनदा मोजते. पहिल्यांदा थर्मामीटरवर विश्वास नसतो, दुसऱ्यांदा स्वतःवर.

"फील्ड एक्सपिरियन्स, सर."

"गुड!"

*

ड्रोनच्या नियमांत होतं, फवारणीआधी आसपास कळवावं. आमचे टेक्निशियन चौरसियाजी घरोघर कळवून आले. चाचणीला साधंच पाणी होतं. ड्रोन वर गेला, तर खाली प्रत्येक बाई आपापली तुळशीची कुंडी फवारून घ्यायला हजर!

"मैडम, सूचना कुछ ज़्यादा ही हो गई।"

*

मग ऑफिसच्या आवारातले माझे मुगाचे दोन वाफे. एकाला पाणी, दुसरा मुद्दाम कोरडा. पण कोरड्यातला सेन्सर रोज सकाळी 'ओला' दाखवी. बदलला, तरी तेच. मी तीनऐवजी नऊ रीडिंग घेतली. समिती शुक्रवारी येणार, आणि मी रडकुंडीला!

चौरसियाजी खाकरले. "बुरा मत मानना मैडम... आपकी सास।"

ओवीला सांभाळायला सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. रोज सकाळी बाबागाडी फिरवताना वाफ्याला पाणी घालत.

"सुकून चाललं होतं बिचारं," आई म्हणाल्या. "तुमच्या ऑफिसात कोणाचं लक्षच नाही!"

त्याच दिवशी बोर्ड लावला: 'पानी देना सख़्त मना है।'

*

शुक्रवारी समिती कोरड्या वाफ्याभोवती उभी. आकडा अगदी हवा तसा, खाली. एवढ्यात आई आल्या. एका हाताने बाबागाडी, दुसऱ्यात पातेलं. ते त्यांनी सगळ्यांदेखत वाफ्यात रिकामं केलं.

स्क्रीनवरचा आकडा टुणकन वर!

"माताजी," अध्यक्ष म्हणाले, "बोर्ड नहीं पढ़ा?"

"पढ़ा ना! पानी मना है। ये तो चावल का धोवन है!"

मी डोळे मिटले.

अध्यक्षांनी बोर्ड वाचला, आकडा पाहिला, पुन्हा बोर्ड वाचला.

"मैडम, मसौदा पास। बस, परिभाषा में जोड़ लीजिए, धोवन भी पानी है।"