भासऱ्यांच्या आठवणीची परीक्षा

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, मोटारसायकलवरून पडले आणि जेवढं अडचणीचं होतं तेवढंच नेमकं विसरले.

माझ्या वावरात बैलगाडी न्यायला त्यांच्या वावरातून एकच वाट आहे. नवरा गेला तेव्हा त्यांनी चार माणसांसमोर शब्द दिला होता, की ही वाट हिची. कागद झाला नव्हता. ते पडले, डोक्याला तीन टाके पडले, आणि आठ दिवसांनी वाटेवर बोराटीचे काटे पडले. माझा कापूस झाडावर लोंबत होता. मी तहसीलीत अर्ज केला.

त्यांचा मुलगा म्हणाला, "काकू, बाबाले कोनी ओळखूच येत नाही. तुमाले काय शब्द देल्ला ते कसं सांगतीन?"

जाऊ वारल्यापासून त्यांच्या जेवणाचा डबा माझ्याच घरून जातो. वाट बंद केल्यावरही जात होता. डबा यायची वेळ मात्र ते विसरले नव्हते.

तहसीलीत मुलाला म्हणाले, आठवण गेल्याचा दाखला आणा. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढून काही नाही म्हणून सांगितलं. मग अकोल्याला एक डॉक्टरीणबाई आठवणीची परीक्षा घेते असं कळलं. रोग्याला रोज बघणारं माणूस सोबत आणा, असा तिचा निरोप होता. मुलाला नाइलाजानं मलाच न्यावं लागलं.

तिनं भासऱ्यांना विचारलं, "आजोबा, या कोण?"

बस स्टँडवरच्या बाईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोन हाय हे बाई?"

मग तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं. तासाभरानं ती एकटीच बाहेर आली, कागदावर काही मांडत बसली. थोड्या वेळानं भासरे आले. दारात थांबले, दोनदा खाकरले, आणि जमिनीकडे बघत आत आले. माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, आमच्यात भावजय बसली असेल तिथे भासरे खाकरून येतात. तिनं पदर सावरावा म्हणून. अनोळखी बाईसाठी एवढे कष्ट कोणी घेत नाही.

ती हसली. मग मुलाला म्हणाली, "यांना चाळीस चित्रं दाखवली. नंतर त्यातलं एक आणि एक नवं अशी दोन-दोन चित्रं ठेवून चाळीसदा विचारलं, यातलं मघाशी कोणतं बघितलं? चाळीसातली सहाच बरोबर आली. खरंच विसरलेला माणूस अंदाजानं बोट ठेवतो, तरी निम्म्याच्या आसपास बरोबर येतात. इतकी चुकवायची तर बरोबर कोणतं ते आधी आठवावं लागतं."

मी चौथी शिकलेली, पण हे मला लगेच समजलं. "म्हणजे आमच्या शेळीनं खुर ठेवला असता तरी वीस आली असती!"

भासरे छताचा पंखा बघत होते. मुलगा म्हणाला, "काकू, तुमी चूप बसा ना."

दाखला मिळाला नाही. परतीच्या बसमध्ये तिकीट काढताना कंडक्टरनं गाव विचारलं, तेव्हा भासऱ्यांनीच ते खणखणीत सांगितलं.

तिसऱ्या दिवशी काटे निघाले. अकोल्याच्या औषधानं बाबाले फरक पडला, असं मुलगा गावभर सांगत होता. औषध कोणी दिलंच नव्हतं. तहसीलीत भासऱ्यांनी वाटेचा जबाब मात्र न अडखळता दिला, साक्षीदारांच्या नावांसकट.

कापूस भरून गाडी निघाली तेव्हा मी वर बसले होते. भासरे धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर उभे होते. गाडी जवळ येताच त्यांनी तोंड फिरवलं आणि खाकरले.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"भाऊजी, उगाच घसा खराब नका करू. पदर घ्याचं मी विसरली."